हवालदाराचा एचआर राउंड

गगनबावडा म्हटलं की धुकं आणि पाऊस आठवतो. पण बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांची जहागीर. १७१६ च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' त्यांचंच मानतात. गडावर माणसं कशी नेमावीत, हे त्यात आहे. नुसती तलवार चालवून भागत नाही. माणूस विश्वासू, कष्टाळू, सावध हवा. व्यसनी, दंगेखोर नको. हे कळायचं कसं? घरदार बघून, जामीन घेऊन. शिवाय ठराविक वर्षांनी बदली.

यात ओळखीपाळखीचा धोका आहेच. पण आपण काय करतो? अर्ध्या तासात, फाडफाड इंग्रजीवरून 'टीम प्लेयर' ठरवतो. बावड्याचा हुशार पोरगा तिथेच गळतो. अमात्यांना ही चैन परवडणारी नव्हती. माणूस चुकला तर गडच जायचा!