साठवणीचा माल आणि त्याची तरलता : सांगली-सातारा परिसरातील हळद व बेदाणा आणि युरोपातील दुर्मिळ वाइन

प्रास्ताविक

संपत्ती कोणत्या रूपात साठवावी, हा प्रश्न मानवी व्यवहाराइतकाच जुना आहे. सोने, जमीन व धान्य यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य जगात दुर्मिळ वाइन हीदेखील गुंतवणुकीची वस्तू मानली जाऊ लागली. अशा गुंतवणुकीविषयी लिहिताना भर बहुधा किंमतवाढीवर दिला जातो. तथापि वाढलेली किंमत प्रत्यक्ष हाती केव्हा पडते, किती घट सोसून पडते आणि विकत घेणारा मिळतो की नाही, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. अर्थशास्त्रात यास तरलता म्हणतात. कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत वाइनच्या पुनर्विक्रीची परंपरा नाही. परंतु नाशवंत पीक टिकाऊ करून साठवणे, भाव येईपर्यंत थांबणे आणि मग विकणे, ही परंपरा मात्र जुनी व समृद्ध आहे. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांची तरलतेच्या दृष्टीने तुलना केली आहे.

हरिपूरची पेवे

आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. बाजारपेठेच्या दृष्टीने मात्र हा सारा पट्टा एकच होता. वाई, कऱ्हाडपासून खाली कृष्णाकाठाने पिकणाऱ्या हळदीला सांगली ही हक्काची पेठ होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून ती शिजवावयाची, उन्हात वाळवावयाची, घासून चकाकी आणावयाची आणि मग सौद्यास न्यावयाची, हा तिचा क्रम. हंगामात सर्वांचाच माल एकदम येई आणि भाव पडत. ज्याला थांबणे शक्य होते त्याच्यासाठी हरिपूर होते.

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीच्या पोटात खोल पेवे खणलेली होती. वर अरुंद तोंड, आत प्रशस्त पोकळी. तळाला व भिंतींना पाचट आणि चटया लावून हळद भरली जाई व तोंड मातीने बंद केले जाई. तेथील मातीचा गुण असा की ओल आत झिरपत नसे, आणि हवा कोंडल्यामुळे किडीचा उपद्रव होत नसे. अशा पेवात हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेने जीव जातो हे तेथील हमालांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. (मराठीत एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की तिचे ‘पेव फुटले’ म्हणतात, तो वाक्प्रचार या साठवणीतूनच आलेला.)

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट साठवणीच्या तंत्रापेक्षा निराळी आहे. पेवातील माल जागचा न हलवता त्याची मालकी बदलू शकत असे. हळकुंड, गड्डा, कणी असे प्रकार ठरलेले. राजापुरी हळद वेगळी आणि बाहेरच्या पेठांतून आलेली ‘परपेठ’ हळद वेगळी, हा भेद सर्वमान्य. म्हणून नमुना पाहून आणि पेवधारकाच्या शब्दावर विसंबून व्यवहार होऊ शकत. हळदीच्या वायद्याचा बाजार सांगलीत उभा राहिला तो याच पायावर. वायदेबाजारासाठी १९५२ चा केंद्रीय कायदा झाल्यानंतर त्यास नियमनाची चौकट मिळाली. अखिल भारतीय पातळीवरील संगणकीय वायदेबाजारात हळद २००४ मध्ये आली. मात्र तेथे मुख्य आधारकेंद्र निजामाबाद ठरले.

तरलता म्हणजे भावाची हमी नव्हे, हेही हळदीनेच दाखवले. २०१० मध्ये हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेला आणि २०१२ पर्यंत निम्म्याच्याही खाली आला. या घसरणीत अनेकांचे नुकसान झाले, पण माल विकला गेला नाही असे झाले नाही. खरेदीदार रोज होता. भाव पडलेला होता इतकेच.

कॉर्शमची खाण

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात कॉर्शम येथे दगडाच्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे तीस मीटर खोलवर, जगातील अत्यंत मौल्यवान वाइन साठवलेली आहे. युद्धकाळात तेथे दारूगोळा ठेवला जात असे. हरिपूरच्या पेवाशी या खाणीचे साम्य वरवरचे नाही. तेथेही स्थिर तापमान व अंधार यांनी माल टिकतो, आणि तेथेही बाटली न हलवता मालक बदलतो. सीमाशुल्क न भरता गोदामात राहिलेली, मूळ लाकडी पेटी न उघडलेली वाइन अधिक सहज विकली जाते. कारण ती कोठे कोठे फिरली हा प्रश्नच उरत नाही. एकदा घरी नेलेल्या पेटीबाबत मात्र खरेदीदार शंका घेतो.

ही शंका अनाठायी नाही. रूडी कुर्नियावान या संग्राहकाने बनावट वाइन जुनी व दुर्मिळ म्हणून विकल्याचे अमेरिकी न्यायालयात सिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटली फोडल्याशिवाय तिची खात्री होत नाही, आणि फोडली की ती विकता येत नाही. हळदीचे हळकुंड मोडून पाहता येते. वाइनच्या खरेदीदाराला तो मार्ग नाही.

दुर्मिळता आणि तरलता यांचा संबंध येथेच स्पष्ट होतो, आणि तो सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. बर्गंडीतील रोमाने-काँती हा मळा दोन हेक्टरांहूनही लहान. त्याच्या १९४५ च्या हंगामाच्या अवघ्या सहाशे बाटल्या निघाल्या. त्यांतील एक २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. हा विक्रम होता; परंतु विक्रमाला बाजारभाव म्हणता येत नाही. अशी वस्तू विकण्यासाठी लिलावाच्या तारखेची वाट पाहावी लागते, लिलावगृहाचे शुल्क द्यावे लागते आणि तितका पैसा बाळगणारे दोन तरी इच्छुक त्या दिवशी हजर असावे लागतात. याउलट बोर्दोमधील लाफित या मळ्याची वाइन दरवर्षी हजारो पेट्यांनी निघते. १८५५ च्या वर्गवारीत तिचे स्थान पहिल्या श्रेणीत ठरलेले आहे आणि एका हंगामाची एक पेटी दुसऱ्या पेटीसारखी असते. लंडनमध्ये २००० साली स्थापन झालेल्या लिव्ह-एक्स या व्यापाऱ्यांच्या विनिमयकेंद्रात २०१० च्या सुमारास व्यवहारांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा बोर्दोचा होता. तो पुढे बराच घटला. तरीही अधिक प्रमाणात असलेला, वर्गवारी झालेला माल लवकर विकला जातो, हे सूत्र सांगलीच्या अडत्यास कोणी शिकवावे लागले नसते.

द्राक्षाच्या दोन वाटा

सांगली जिल्ह्यात द्राक्षाला दोन वाटा उपलब्ध झाल्या : बेदाण्याची आणि वाइनची. तासगाव परिसर हे द्राक्षाचे माहेर. ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच तालुक्यातील बोरगावच्या एका शेतकऱ्याच्या निवडीतून पुढे आले. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. द्राक्षे द्रावणात बुडवून सावलीत रॅकवर पंधरा-वीस दिवस वाळवली की तो तयार होतो, शीतगृहात ठेवला जातो आणि तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात येतो. हिरवा, पिवळा, काळा अशी त्याची वर्गवारी आहे. या सौद्यात दोष नाहीत असे नाही. नमुना पाहताना होणारी ‘उधळण’ ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्तच म्हणावी लागेल. तपासणीच्या नावाखाली सांडणारा बेदाणा अखेर उत्पादकाच्याच खात्यातून जातो. असे असले तरी सकाळी आणलेल्या मालाला त्याच दिवशी बोली लागते.

विकण्याची घाई नसेल तर आणखी एक सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत (आरंभ १९९०-९१) हळद व बेदाणा ठेवून किमतीच्या पाऊणपटीपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज मिळू शकते. तारण ठेवता येणे हाही तरलतेचाच एक प्रकार होय : माल न विकताच रोकड हाती येते आणि मुलीचे लग्न किंवा सोसायटीचा हप्ता पडत्या भावाच्या दिवशी येऊन ठेपला तरी शेतकऱ्यास थांबता येते.

वाइनची वाट याहून वेगळी ठरली. २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. नाशिकने त्यातून नाव कमावले. पलूसची वाढ तशी झाली नाही. कारणांची चर्चा भांडवल, वाण व विक्रीव्यवस्था यांभोवती फिरते. येथे नोंदवावयाचा मुद्दा मर्यादित आहे. भारतीय वाइन बहुतांशी काही वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच तयार होते. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यविक्री करता येत नाही. त्यामुळे एखाद्या हौशी संग्राहकाने चांगल्या हंगामाच्या पेट्या घरी जपल्या, तरी दहा वर्षांनी त्या कायदेशीरपणे विकण्यास त्याला सौदाच नाही. एकाच कृष्णाकाठच्या द्राक्षाचा बेदाणा रोखीत उतरतो आणि वाइन उतरत नाही, यात फळाचा किंवा वाइनच्या दर्जाचा दोष नाही. पुढच्या खरेदीदाराची वाटच मोकळी नाही.

पुरानंतर

हरिपूरच्या पेवव्यवस्थेला मोठा धक्का बसला तो २००५ च्या जुलै-ऑगस्टमधील महापुराने. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि वर्षानुवर्षांची हळद भिजून नासली. त्यानंतर साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा पूर्वीसारखा माल पेवांत उरलेला नव्हता. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्यास ते त्याआधीच, २०१६ मध्ये मिळाले होते. २००७ च्या गोदाम कायद्याने हस्तांतरणीय गोदाम पावतीस मान्यता दिली आणि २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली. पेवधारकाच्या शब्दावर जे चालत असे, त्यास कागदाचा व पुढे संगणकाचा आधार मिळाला, तोवर हरिपुरातील बहुतेक पेवांची तोंडे बुजली होती.