श्राव्यातीत तपासणी, यंत्रचालित : तारापूर

मानवी कानास ऐकू येणाऱ्या मर्यादेपलीकडील, म्हणजे सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपनांच्या तरंगांनी वस्तूचा अंतर्भाग न कापता पाहण्याच्या पद्धतीस श्राव्यातीत तपासणी म्हणतात. शोधकातील दाबविद्युत् स्फटिक तरंगस्पंद पाठवितो आणि तडा, पोकळी वा पृष्ठभाग यांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीस लागलेल्या वेळावरून त्यांची खोली ठरते. शोधक यंत्राने फिरविल्यास त्याचे प्रत्येक स्थान नोंदले जाते व पुढील वेळी नेमकी तीच जागा पुन्हा पाहता येते. प्रयोगशाळेतील उंदराच्या यकृताची किंवा अर्बुदाची त्रिमितीय प्रतिमा अशा रीतीने घेतात. त्यामुळे प्राण्यास न मारता एकाच अवयवातील बदल अनेक आठवडे पाहता येतात. अणुविक्रियकात यंत्राची गरज याहून निकडीची असते, कारण तीव्र प्रारणामुळे तेथे माणसाचा हात पोहोचूच शकत नाही. बोईसरजवळील तारापूर (पालघर जिल्हा, २०१४ पर्यंत ठाणे जिल्हा) येथे या उपयोगाची उदाहरणे आढळतात.

शरीर व धातू यांचे या तंत्रातील नाते जुने आहे. फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० च्या सुमारास धातूतील दोष शोधणारे उपकरण सिद्ध केले. ग्लासगो येथील प्रसूतितज्ञ इअन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेली अर्बुदे एका बाष्पित्र कारखान्यात नेऊन तेथील दोषशोधकाखाली तपासली. उदराच्या प्रतिमांवरील त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील सोनोग्राफीचा एक उगम असा कारखान्यात सापडतो.

तारापूरचे पहिले दोन विक्रियक उकळत्या पाण्याचे असून ते १९६९ मध्ये सुरू झाले. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्यांच्या दाबपात्राचे पोलाद कालांतराने ठिसूळ होते. म्हणून गाभ्यासमोरील वितळजोडांना विशेष महत्त्व असते. सेवाकालीन तपासणीची अमेरिकन नियमावली मात्र १९७० मधील, म्हणजे हे केंद्र सुरू झाल्यानंतरची आहे. साहजिकच मूळ आराखड्यात तपासणीच्या यंत्रांसाठी पुरेशी वाट नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने पात्राच्या आतून वितळजोड तपासणारा दूरनियंत्रित यंत्रहस्त तयार केला. हे दोन्ही विक्रियक २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबविण्यात आले.

तिसरा व चौथा विक्रियक (प्रत्येकी ५४० मेगॅवॉट, व्यापारी उत्पादन अनुक्रमे २००६ व २००५) जड पाण्याचे आहेत. प्रत्येकात झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातूच्या ३९२ आडव्या दाबनलिका असून त्यांचा व्यास सुमारे १० सेंमी. व भिंतीची जाडी सुमारे ४ मिमी. आहे. त्यांतून सुमारे ३००° से. तापमानाचे व वातावरणाच्या सुमारे १०० पट दाबाचे जड पाणी वाहते. नलिका वर्षानुवर्षे किंचित वाकत जाते. ती बाहेरच्या थंड नलिकेस टेकली, तर त्या जागी हायड्रोजन साचून धातू तडकू शकतो. कॅनडातील पिकरिंग केंद्रात १ ऑगस्ट १९८३ रोजी एक दाबनलिका याच प्रकारे फुटली. भाभा केंद्राने विकसित केलेली ‘बार्सिस’ ही प्रणाली शोधकांचा संच नलिकेत सरकवून भिंतीची जाडी व तडे श्राव्यातीत तरंगांनी पाहते. दोन नलिकांमधील अंतर व त्यांना विलग ठेवणारी कडी-स्प्रिंगे यांचा वेध आवर्त प्रवाहांनी (प्रवर्तित विद्युत् प्रवाहांनी) घेतला जातो. माणसास अल्पकाळही थांबणे धोक्याचे असते, अशा जागी हे काम पाण्यातच चालते.

शोधक जेथे फिरतो तेथलेच तो सांगतो, ही या पद्धतीची मर्यादा विसरता येत नाही. गुजरातमधील काक्रापार येथे ११ मार्च २०१६ रोजी एका दाबनलिकेतून गळती झाली. तिच्या बाहेरील पृष्ठभागावर स्थानिक क्षरण झाल्याचे पुढे आढळले आणि तेथील दोन्ही विक्रियकांच्या सर्व नलिका बदलाव्या लागल्या. तारापूरच्या दोन जड पाणी विक्रियकांत मिळून ७८४ दाबनलिका आहेत. एका थांब्यात त्यांतील काही निवडकच तपासता येत असल्याने कोणत्या निवडायच्या, हा निर्णय यंत्राच्या अचूकतेइतकाच महत्त्वाचा ठरतो.