अज्ञातवासींचा वाडा

मराठी कवितेच्या इतिहासात ‘अज्ञातवासी’ या नावाला फार तर एखादी ओळ मिळते. त्या नावाने लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) लोकांना ठाऊक आहेत ते पुण्याच्या शुक्रवार पेठेतील वस्तुसंग्रहालयामुळे. भंडाऱ्याहून पुण्याला गेलो असता मीही कवीचे घर पाहावे, एवढ्याच हेतूने तेथे शिरलो.

१९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तूंवर गेला. त्याला नाव आहे ते अकाली गेलेल्या राजा या मुलाचे. वस्तू जमवण्यात पत्नी कमलाबाईंचाही हात होता, आणि संग्रह पाहताना ते जाणवते. शस्त्रे आहेत, पण नजर खिळते ती दिवे, दौती, कुलपे, करंडे, अडकित्ते यांच्यावर. सुपारी कातरण्याच्या साधनाला कारागिराने स्त्री-पुरुषांचे आकार द्यावेत, पाय घासायच्या वज्रीवर पक्षी बसवावा, याची गरज काय होती? उपयोग तर त्याविनाही झाला असता. वर्गात ‘वज्री’ हा शब्द आला की मी फळ्यावर ‘पाय घासण्याचे साधन’ एवढेच लिहीत असे. तो अर्थ चुकीचा नव्हता, पण फारच दरिद्री होता.

मस्तानी महालाचे दालन मात्र मनात भरले नाही. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून ते पुन्हा उभारले आहे. गर्दी तिथेच असते. घराच्या कुशीत महाल अवघडून बसल्यासारखा वाटतो. (हा कदाचित माझा विदर्भी हट्ट असेल.)

खालच्या मजल्यावर परतताना दुसराच विचार छळू लागला. इथली बरीचशी वस्तू कुठल्या तरी घराला नकोशी झाली, म्हणून इथे आली. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, माजघरे रिकामी होत होती. हा एक वाडा भरत गेला तो अशा अनेक वाड्यांच्या मोडतोडीतून. सामाजिक इतिहासाची आपली पुस्तके चळवळी नि ठराव नोंदवतात. माजघरातून काय बाहेर गेले, याची नोंद त्यांत क्वचितच सापडते.

भंडारा तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. आमच्या घरचे घंगाळ आणि गुंड स्टीलच्या हौसेपायी मोडीत गेले. गुंडाच्या काठावर आजीचे माहेरचे नाव कोरलेले होते. दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीवर फक्त वजन होते.