समुद्रतळींचे पाहुणे

अतिपरिचयानें अवज्ञा होते, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसांमाणसांतील व्यवहारांत ती कितपत खरी ठरते, हा प्रश्न बाजूस ठेवूं. परंतु माणूस आणि समुद्रतळ यांच्या गेल्या ऐंशी वर्षांच्या संबंधाचा इतिहास पाहिला, तर तेथें ही म्हण अगदीं उलटी झालेली दिसते. तेथें अवज्ञा झाली ती अल्पपरिचयानें, आणि आदर उत्पन्न झाला तो अतिपरिचयानें. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरणारा मनुष्य तेथील जीवसृष्टीशीं जबाबदारीनें कां वागूं लागतो, या प्रश्नाचें उत्तर ह्या उलट्या म्हणींतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

समुद्राच्या तळाशीं जाणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. मोत्यांसाठीं श्वास रोखून बुड्या मारणारे लोक प्राचीन काळापासून आहेत. तांब्याचें शिरस्त्राण घालून, जहाजावरून नळीनें हवा घेत तळावर चालणारे पाणबुडेही एकोणिसाव्या शतकापासून बंदरांच्या व बुडालेल्या जहाजांच्या कामीं येत गेले. परंतु पहिल्याचा वेळ त्याच्या श्वासाइतका, आणि दुसऱ्याची धांव त्याच्या नळीइतकी. 1943 सालच्या जून महिन्यांत, महायुद्ध चालू असतांनाच, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल येथें जाक-ईव्ह कुस्तो या नौदलांतील अधिकाऱ्यांनीं हीं दोन्ही बंधनें तोडलीं. एमिल गान्यां या अभियंत्याच्या साहाय्यानें त्यांनीं अशी एक झडप सिद्ध केली होती, कीं पाणबुड्यानें श्वास ओढतांच ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा त्याला पुरवीत असे. अशा उपकरणांना पुढें ‘स्कूबा’ हें नांव रूढ झालें, आणि मनुष्य माशासारखा मोकळा पोहूं लागला.

ह्या मोकळीकीचा पहिला उपयोग काय झाला? बऱ्याच अंशीं शिकार! डोळ्यांवर कांच लावून भाल्यानें मासे टिपण्याचा छंद त्या किनाऱ्यावर आधींच बोकाळला होता; टाकी पाठीवर आल्यावर तो अधिकच सोपा झाला. 1956 सालीं कुस्तो व लुई माल यांच्या ‘मूक जग’ या बोलपटास कान येथील महोत्सवांत सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें. जगांतील असंख्य लोकांना समुद्राच्या पोटांतले रंग प्रथम दिसले ते ह्याच बोलपटांत. परंतु त्याच बोलपटांत माशांची मोजदाद करण्यासाठीं प्रवाळाच्या खडकावर सुरुंग उडविलेला दिसतो. आणि जहाजाच्या पंख्यानें जखमी झालेल्या देवमाशाच्या पिलावर शार्क मासे तुटून पडले, म्हणून संतापलेल्या खलाशांनीं त्या माशांना जहाजावर ओढून ठार मारलेलेंही दिसतें. आज तीं दृश्यें पाहवत नाहींत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. हीं माणसें समुद्राचीं वैरी नव्हतीं. समुद्राइतकें प्रिय त्यांना दुसरें कांहीं नव्हतें. म्हणजे नुसत्या प्रेमानें जबाबदारी येत नाहीं. फुलावर प्रेम करणारें मूलच तें तोडतें. कुस्तो यांच्यांत पालट घडविला तो वर्षानुवर्षांच्या सहवासानें. ज्या भूमध्य समुद्रांत त्यांनीं पहिल्या बुड्या मारल्या, तो आपल्या डोळ्यांदेखत ओस पडत चाललेला त्यांनीं पाहिला. 1960 सालीं त्या समुद्रांत किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेतास त्यांनीं जाहीर विरोध केला, आणि 1973 सालीं समुद्ररक्षणासाठीं स्वतःच्या नांवाची संस्था स्थापिली. पूर्वीं काय होतें हें ज्यानें पाहिलेलें असतें, त्यालाच काय गेलें हें कळतें.

हीच कथा एका लहानशा बेटावर अधिक स्पष्टपणें घडली. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, कॅरिबियन समुद्रांत, बोनेर नांवाचें डच सत्तेखालील बेट आहे. तेथें 1962 सालीं डॉन स्टुअर्ट नांवाचा एक अमेरिकन खलाशी शिडाच्या जहाजांतून आला आणि 2014 सालीं मरेपर्यंत तेथलाच होऊन राहिला. तोही आरंभीं भालेवाला शिकारीच होता. परंतु पाहुण्यांना रोज त्याच त्या खडकांवर नेऊं लागल्यावर त्याला एक साधा हिशेब उमगला : मारलेला मासा एकदांच दिसतो, जिवंत मासा रोज दिसतो. त्यानें भाला टाकला आणि इतरांनींही तो टाकावा म्हणून खटपट चालविली. 1971 सालीं बोनेरमध्यें भाल्यानें मासे मारण्यास कायद्यानें बंदी झाली. 1975 मध्यें प्रवाळ तोडण्यासही झाली. आणि 1979 मध्यें भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोंवतालचा सर्व समुद्र संरक्षित उद्यान ठरला. पैशाच्या अभावीं कांहीं वर्षें हें उद्यान कागदावरच राहिलें. अखेर 1992 सालीं प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला दहा डॉलर घेण्यास सुरुवात झाली, आणि त्या पैशांतून उद्यानाचा कारभार पुन्हां उभा राहिला.

बोनेरच्या नियमांत मनुष्यस्वभावाची जाण मोठी आहे. तेथें पाणबुड्यांना हातमोजे घालण्यास मनाई आहे. मोजा घातलेला हात कशालाही धरतो. उघडा हात आपोआपच जपून वागतो! नव्या पाहुण्यानें पहिली बुडी तेथील जाणत्यांच्या देखरेखीखालीं घेतल्याशिवाय त्यास मोकळें सोडीत नाहींत. नांगर टाकण्यासही बंदी आहे. होडी बांधावयाची ती तरंगत्या बोयाला. फ्लॉरिडांतील की लार्गो येथें जॉन हॅलस यांनीं 1981 सालीं अशा बोयांची एक सुधारलेली पद्धत चालू केली. तींत तळाच्या खडकांत भोंक पाडून लोखंडी कडी पक्की बसवितात आणि तिला बोया बांधतात. शेंकडों नांगरांनीं जी नासाडी दरवर्षीं व्हावयाची, ती कोणासही उपदेश न करितां थांबली. सदाचरण सोपें करून ठेवणें, हाही सदाचरण शिकविण्याचाच एक मार्ग होय.

परंतु स्टुअर्टसारखे पन्नास वर्षें एकाच समुद्राशीं संसार करणारे लोक किती असणार? आज समुद्रांत उतरणारे बहुतेक लोक चार दिवसांचे पाहुणे असतात. ज्याला आज ते लाथ मारतील, तो प्रवाळ उद्यां पाहावयास ते तेथें नसतात. प्रवाळ हा दगड नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, आणि तिच्या कित्येक जाती वर्षाकांठीं जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहूनही कमी वाढतात. अशा पाहुण्याला तो दीर्घ परिचय कोठून आणून द्यावा?

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय शोधही झाला आहे. मेडिओ, ऑर्मंड व पिअर्सन यांनीं तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या रास मुहंमद उद्यानांत पाण्याखालीं पाणबुड्यांवर नजर ठेवून नोंदी केल्या, व त्या 1997 सालीं प्रसिद्ध झाल्या. प्रवाळ म्हणजे काय, त्याला इजा कशी होते, हें चित्रांसह नीट समजावून सांगितल्यावर, दर सात मिनिटांत होणारे माणशीं स्पर्श 1.4 वरून 0.4 वर आले. यावरून उपदेश पुरेसा आहे असें कोणास वाटेल. परंतु बार्कर व रॉबर्ट्स यांनीं सेंट लूशिया बेटावर 353 पाणबुड्यांच्या पाठोपाठ पोहून जें पाहिलें, आणि 2004 सालीं प्रसिद्ध केलें, तें अधिक बोधप्रद आहे. त्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश जणांनीं निदान एकदां तरी खडकाला धक्का लावला. बहुतेक धक्के नकळत लागलेले, आणि ते पायांच्या रबरी पंखांचे होते. ‘प्रवाळाला हात लावूं नका’ असें होडीवर एका वाक्यांत सांगून कांहींच फरक पडला नाहीं. फरक पडला तो वाटाड्यानें पाण्याखालीं जवळ येऊन खूण केली, चुकणाऱ्यास सांवरलें, तेव्हां.

अर्थात् येथें दोष हेतूचा कमी आणि शरीराचा अधिक. पाण्यांत तोल सांवरतां न येणारा सज्जनही विध्वंसक होतो. म्हणून नीतीच्या आधीं पोहण्याची शिस्त शिकविली पाहिजे, आणि शब्दाच्या जागीं सोबत दिली पाहिजे. पाहुण्याला दीर्घ परिचय नसतो. पण तो ज्याला आहे, अशा माणसाचा हात त्याला धरतां येतो.

हें वाचतांना आमचे डोळे साहजिकच मालवणकडे वळतात. शिवछत्रपतींनीं 1664 सालीं ज्याचा पाया घातला, त्या सिंधुदुर्गाच्या तटाखालच्या पाण्यांत प्रवाळ आहे. 1987 सालीं त्या भागांत सागरी अभयारण्य जाहीर झालें. स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा तो समुद्र आपल्या हातून जाईल, अशी त्यांना भीति होती. आतां त्याच पाण्यांत पुण्यामुंबईच्या कुटुंबांतील मुलेंमाणसें थोड्या वेळापुरतीं, शिक्षकाचा हात धरून खालीं जातात. त्यांतील कित्येकांना पोहतांही येत नाहीं. त्यांच्याकडून बोनेरच्या स्टुअर्टचा अनुभव कोण मागेल? पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांजवळ तो अनुभव आहे. वारा कोणता, पाणी केव्हां गढूळ होतें, मासा कोणत्या दिवसांत कोठें असतो, हें ज्यांना बापजाद्यांपासून ठाऊक आहे, तेच उत्तम वाटाडे होऊं शकतात. आणि जिवंत खडकावर त्यांची चूल पेटत असेल, तर त्याचे उत्तम राखणदारही तेच होतील. त्यांना परकें करून केलेलें रक्षण टिकावयाचें नाहीं.

आपल्या घरीं पाहुणा आला, तर देवघर कोणतें आणि चपला कोठें काढावयाच्या, हें त्याला घरचा माणूस सांगतो. पाहुण्यानें तें उपजत जाणावें अशी अपेक्षा कोणी धरीत नाहीं. समुद्राच्या घरीं जातांनाही पाहुण्यानें एवढेंच करावयाचें : घरच्या माणसाच्या मागून जावें, हात आवरावे, आणि निघतांना घर होतें तसेंच ठेवून यावें.