बिनसावलीचा दिवस आणि आपली शाळा

सुलतान बाजारातील घड्याळाचा मनोरा १८६५ साली उभा राहिला. त्या काळी या वस्तीस रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ साली हा भाग निजाम सरकारकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. या मनोऱ्यावरून शाळेत ये-जा करणाऱ्या आमच्या पिढीला वेळ ही घड्याळाने ठरवायची गोष्ट वाटे. ती मुळात सूर्य ठरवतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पडताळून मात्र कधी पाहिले नव्हते.

पाहण्याची संधी एकदा दारात आली होती. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास खग्रास ग्रहणाची सावली हैदराबादच्या दक्षिणेकडून गेली. उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसले होते. शहरातही सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला गेला. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो आणि धाकटा भाऊ नववीत. आमच्या घरी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. “दादा, पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर तरी पाहू या का?” असे त्याने विचारले. विज्ञानाचा विद्यार्थी असूनही मी त्याला गप्प बसवले. त्यानंतर खग्रास सावली हैदराबादजवळून पुन्हा गेलेली नाही. त्या दिवसाची रुखरुख आजही आहे.

वास्तविक हे शहर आकाशाला परके नव्हते. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली येथे खाजगी वेधशाळा सुरू केली. पुढे ती सरकारकडे आली, बेगमपेठेत स्थिरावली आणि निजामिया वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. जगातील अनेक वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचे काम हाती घेतले होते. त्यातील एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजमापे येथून बारा खंडांत प्रसिद्ध झाली. छायाचित्राच्या काचेवरील एकेक ठिपका मोजून हे काम झाले. मनोऱ्यापासून काही मैलांवर हे चालले असता, आमच्या वर्गात आकाश फळ्यावरील वर्तुळांपलीकडे गेले नाही.

आज चित्र बदलले आहे. चंद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला आणि तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. शाळांतून थर्माकोलची याने, पुठ्ठ्याचे अग्निबाण, ग्रहमालेच्या प्रतिकृती दिसू लागल्या. हा उत्साह स्वागतार्ह आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलने १९५४ सालीच शाळेत तारांगण उभारून आकाश हा वर्गातला विषय आहे, हे दाखवून दिले होते. परंतु आठवी ते दहावीच्या वयात मुलाला नुसते पाहून वा चिकटवून भागत नाही. त्याच्या हाती स्वतः काढलेला एक आकडा यावा लागतो. विज्ञानाची खरी सुरुवात तेथून होते.

असा आकडा देणारा दिवस आपल्या शहरास दरवर्षी दोनदा लाभतो. हैदराबाद सुमारे १७.४ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य बरोबर तेवढाच उत्तरेस असतो तेव्हा मध्यान्ही तो डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे ९ मे आणि ३ ऑगस्ट या तारखांच्या सुमारास घडते. मे महिन्यात शाळांना सुटी असते; म्हणून ३ ऑगस्ट हाच आपला दिवस. सावली नाहीशी होते ती बारा वाजता नव्हे, तर बारा वाजून सुमारे बावीस मिनिटांनी. हे का, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला की रेखांश, प्रमाणवेळ आणि पृथ्वीची असमान गती हे तीन धडे आपोआप उघडतात.

पुढची पायरी अधिक गोड आहे. नागपूर आपल्या जवळजवळ थेट उत्तरेस आहे आणि तेथे आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे आहेत. त्याच दिवशी, त्याच सुमारास नागपूरला एक मीटरच्या उभ्या काठीची सावली साडेसहा सेंटिमीटर पडते. माझा तोच भाऊ आता नागपूरला असतो. दोन वर्षे ढगांनी आम्हांला हुलकावणी दिली. तिसऱ्या वर्षी तो तिकडे गच्चीवर आणि मी इकडे, असे दूरध्वनीवरून मोजमाप केले. सावलीवरून कोन निघाला ३.७२ अंश. नकाशावरील सरळ दक्षिणोत्तर अंतर (सडकेचे नव्हे) सुमारे ४२० किलोमीटर. त्यावरून ३६० अंशांचा हिशेब केला आणि पृथ्वीचा परीघ आला सुमारे ४०,६५० किलोमीटर! खरा आकडा ४०,००० च्या आसपास आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने हीच युक्ती योजली होती.

याच वाटेवर इतिहासही उभा आहे. १८०२ साली मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्टनचे पुढे हैदराबादेत ठाणे होते. एका अंशाची लांबी जमिनीवर किती भरते, हे ताऱ्यांच्या वेधांनी ठरवीत तो उत्तरेकडे सरकत होता. हैदराबादहून नागपूरला जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. आपण लग्नकार्यांसाठी ज्या वाटेने जातो, तिच्यावर पृथ्वीची मोजदाद झाली आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे.

१९०७ साली विवेकवर्धिनी स्थापन करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शिक्षणासाठी सरकारची वाट पाहिली नाही. आपणही अनुदानाची वाट पाहू नये. येथे खर्च एका काठीचा आणि ओळंब्याचा. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपार उलटल्यावर हैदराबादेतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल आणि दुसऱ्याच दिवशी सावली नाहीशी होईल. पावसाळा आहे, ढग येतील; तरीही तयारी असावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून प्रतिमा भिंतीवर घ्यावी. भावाने १९८० साली तेवढेच मागितले होते. या वेळी घरातील कोणत्याही नववीतल्या मुलाला आपण गप्प बसवू नये.