बॅटरीवर तापणारे जाकीट

बॅटरीवर तापणारे जाकीट हे विजेच्या साहाय्याने ऊब देणारे हिवाळी बाह्यवस्त्र आहे. त्याच्या अस्तरामागे तापणारे पट्टे बसवलेले असतात आणि खिशातील पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीतून त्यांना वीज मिळते. बाजारात ते 'हीटेड जॅकेट' या नावाने ओळखले जाते. लोकरीचे, पिसांचे किंवा कापसाचे वस्त्र शरीराची स्वतःची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे जाकीट त्याशिवाय थोडी ऊब बाहेरून पुरवते. ही पूरक ऊब मर्यादित असल्यामुळे जाकिटाची उपयुक्तता त्याच्या तापण्यावर जितकी, तितकीच किंबहुना त्याहून अधिक त्याच्या ऊब राखण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते.

इतिहास

विद्युतप्रवाहामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी मांडला. विजेची शेगडी, इस्त्री आणि तापणारे जाकीट ही सर्व साधने याच नियमावर चालतात.

विजेने तापणाऱ्या वस्त्रांची पहिली मोठी गरज वैमानिकांना भासली. पहिल्या महायुद्धातील विमाने उघडी असत व उंचावरील थंडीत वैमानिकांचे हात बधिर होत. त्यामुळे त्या काळातच अशा वस्त्रांचा वापर सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील सैनिक विमानाच्या २४ व्होल्ट विद्युतपुरवठ्यावर तापणारे पोशाख वापरत. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत मोटारसायकलस्वारांसाठी वाहनाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारी वस्त्रे प्रचारात आली. मात्र या सर्व पोशाखांना वायरीने वाहनाशी जोडून राहावे लागे.

वस्त्र वाहनापासून मोकळे झाले ते हलक्या बॅटरीमुळे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रमणध्वनीसाठी स्वस्त झालेल्या याच बॅटऱ्यांमुळे पुढे सामान्य ग्राहकाला परवडणारी जाकिटे तयार होऊ लागली.

रचना

जाकिटाचे साधारणपणे पुढील भाग असतात :

बाह्य आवरण : नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, वारा अडवणारे कापड. त्यावर पाणी निथळून जाण्यासाठी लेप दिलेला असतो.

भरण : पॉलिस्टरचे तंतू किंवा पिसे. त्यांत अडकून राहिलेली हवाच खरी ऊबरोधक असते.

तापणारे पट्टे : कार्बन तंतूंचे किंवा मिश्रधातूच्या बारीक तारांचे. ते छातीच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीवर, काही जाकिटांत कॉलर व खिशांतही असतात.

नियंत्रक : छातीवरील बटण. बहुतेक जाकिटांत तीन पातळ्या असतात आणि दिव्याच्या रंगावरून चालू असलेली पातळी कळते.

बॅटरी : काही जाकिटांत ५ व्होल्टची सामान्य पॉवर बँक चालते, तर काहींत ७.४ किंवा १२ व्होल्टची खास बॅटरी लागते.

ऊर्जेचे गणित

बॅटरीवर बहुधा मिलिअँपिअर-तास हे माप ठळकपणे छापलेले असते. परंतु साठवलेल्या ऊर्जेचे खरे माप वॅट-तास हे आहे. मिलिअँपिअर-तासांना घटाच्या व्होल्टने गुणून १००० ने भागले असता वॅट-तास मिळतात. लिथियम-आयन घट साधारण ३.७ व्होल्टचा असल्याने १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास ऊर्जा असते. व्होल्ट बदलताना काही ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ३० वॅट-तास हाती येतात, असे धरणे सोयीचे ठरते. जाकीट १० वॅटच्या पातळीवर चालवल्यास ही ऊर्जा सुमारे ३ तास आणि ५ वॅटच्या पातळीवर सुमारे ६ तास पुरते. 'दहा तास ऊब' अशी जाहिरात असल्यास ती बहुधा सर्वांत खालच्या पातळीची असते.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडते. जाकिटाचे ५ ते १० वॅट त्यामानाने थोडे आहेत. त्यामुळे सैल, वारा आत शिरू देणाऱ्या जाकिटात उच्च पातळीही निरुपयोगी ठरते. याउलट अंगाबरोबर बसणाऱ्या जाडसर जाकिटात निम्न पातळीही पुरेशी होते. धड उबदार राहिल्यास हातापायांकडील रक्तप्रवाह टिकण्यास मदत होते. म्हणूनच पट्टे छाती आणि पाठीवर बसवलेले असतात.

पुणे जिल्ह्यातील उपयोग

लडाख किंवा युरोप-अमेरिकेतील थंडीच्या मानाने महाराष्ट्रातील हिवाळा सौम्य असतो. पुण्यात जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस आहे. तेथील नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश असून ते १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. तरीही उघड्यावर रात्र काढणाऱ्यांसाठी ही थंडी त्रासदायक असते. दौंड तालुक्यातील वरवंडचा परिसर हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

वरवंड पुणे–सोलापूर महामार्गावर, यवत आणि पाटस यांच्या दरम्यान वसले आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असला तरी खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आणि उत्तरेकडील भीमा नदी यांमुळे येथे ऊस हे प्रमुख पीक आहे. भीमेपलीकडील शिरूर तालुक्यातही उसाचे क्षेत्र मोठे आहे. हिवाळ्यात येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि पहाटे तापमान बरेच उतरते. भिजलेल्या शिवारात व कालव्याच्या काठी गारवा अधिक जाणवतो.

कृषिपंपांना होणारा थ्री-फेज वीजपुरवठा पाळीपाळीने दिवसा आणि रात्री असतो. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला उसाला दारे धरण्यासाठी रात्रभर शेतात थांबावे लागते. या कामात सतत हालचाल नसते. एक सरी भरेपर्यंत बांधावर उभे राहावे लागते, आणि पाय मात्र पाण्या-चिखलात असतात. बिबट्याच्या वावरामुळे ही जागरणे अधिक धोक्याची झाली आहेत. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा तोच उद्देश आहे.

महामार्गावरून पहाटे दूध किंवा भाजीपाला घेऊन जाणारे दुचाकीस्वार हा दुसरा वर्ग होय. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात शरीराला जाणवणारी थंडी सुमारे ५ अंशांइतकी असते. याउलट ऊसतोड करणाऱ्या मजुराचे शरीर श्रमाने स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करते. कामाच्या वेळी तापणारे जाकीट घातल्यास घाम येऊन कपडे ओले होतात आणि विश्रांतीच्या वेळी थंडी अधिकच बाधते. म्हणजे हे साधन प्रामुख्याने स्थिर बसणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या किंवा वाऱ्याला तोंड देणाऱ्या माणसासाठी आहे.

निवड

जाकीट निवडताना तापमानाबरोबर कामाचे स्वरूप आणि कालावधी यांचा विचार करावा लागतो. महत्त्वाचे निकष असे :

बंद अवस्थेतील ऊब : बटण न दाबता जाकीट घालून पाहणे ही पहिली कसोटी होय. कॉलर, मनगट आणि कंबरेशी वारा शिरत असल्यास पट्ट्यांची संख्या कितीही असली तरी उपयोग नाही.

माप : पट्टे अंगाजवळ राहतील इतके जाकीट नेटके असावे, मात्र आत पातळ लोकरी कपडा घालता यावा. पट्टे उघड्या त्वचेला थेट भिडू नयेत.

कालावधी : लागणारे तास आणि पातळीचे वॅट यांच्या गुणाकारावरून बॅटरी ठरवता येते. सात-आठ तासांच्या रात्रपाळीसाठी १०,००० मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी अखंड पुरत नाही. थांबून थांबून वापरणे किंवा दुसरी बॅटरी बाळगणे आवश्यक असते.

बॅटरीचा प्रकार : सामान्य पॉवर बँकेवर चालणाऱ्या जाकिटाची बॅटरी बिघडल्यास ती कुठेही बदलून मिळते आणि एरवी भ्रमणध्वनीसाठीही वापरता येते. पॉवर बँक ५ व्होल्टला २ अँपिअर देते का, हे पाहावे लागते. खास बॅटरीचे जाकीट अधिक तापू शकते. परंतु तीच बॅटरी पुढे मिळेल याची खात्री हवी. लांबच्या दुचाकी प्रवासासाठी वाहनावरून वीज घेणारे १२ व्होल्टचे जाकीट सोयीचे असते.

प्रमाणचिन्ह : भारतात लिथियम घट व बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक आहे. मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर छापलेला असावा. वॅट-तास किंवा उत्पादकाचे नाव नसलेली बॅटरी टाळणे इष्ट.

बाह्य कापड : उसाची धारदार पाने नायलॉनचे पातळ कापड सहज फाडतात. शेतातील वापरासाठी घट्ट विणीचे कापड हवे, अथवा जाकिटावरून जुना जाड सदरा घालावा.

सुरक्षितता

५ ते १२ व्होल्टच्या जाकिटापासून विजेचा झटका बसण्याचा धोका नसतो. खरे धोके तीन आहेत.

पहिला धोका मंद भाजण्याचा. १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी केलेल्या संशोधनानुसार ४४ अंश तापमानाचा स्पर्श सुमारे सहा तास टिकल्यासही त्वचा भाजते. म्हणून तापते जाकीट घालून झोपणे टाळावे लागते. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना, वृद्धांना आणि लहान मुलांना चटका वेळीच जाणवत नाही. त्यांच्यासाठी निम्न पातळी व अधूनमधून तपासणी आवश्यक असते.

दुसरा धोका बॅटरीचा. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात पडलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. जाकिटावर पाणी निथळत असले तरी बॅटरी व जोडणी जलरोधक असतेच असे नाही. पावसात किंवा कालव्यात भिजल्यास जाकीट बंद करून बॅटरी तत्काळ काढावी लागते.

तिसरा धोका शेकोटीचा. बांधावर शेकोटी पेटवून बसण्याची पद्धत गावोगावी आहे. परंतु नायलॉन व पॉलिस्टर ठिणगीने वितळतात आणि त्वचेला चिकटून खोल जखम करतात. असे जाकीट घालून शेकोटीला खेटून बसणे धोक्याचे आहे.

निगा, प्रवास आणि विल्हेवाट

धुण्यापूर्वी बॅटरी काढून जोडणीवर टोपण लावतात. जाकीट हाताने, सौम्य साबणाने धुऊन पिळण्याऐवजी निथळत ठेवतात. इस्त्री व ड्रायक्लीनिंगने पट्ट्यांची हानी होते. उन्हाळ्यात बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता निम्मी भरून थंड जागी ठेवल्यास अधिक टिकते. शून्याखालील तापमानात लिथियम-आयन बॅटरी चार्ज केल्यास तिची कायमची हानी होते. लडाखला जाणाऱ्या पर्यटकांनी किंवा परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती खोलीत आणूनच चार्ज करणे योग्य.

विमानप्रवासात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात ठेवता येत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातसामानात नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. निकामी बॅटरी कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकल्यास आग व प्रदूषणाचा धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

मर्यादा आणि पर्याय

जाकीट केवळ धड तापवते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची बरीच ऊब पायांतून जाते, म्हणून दारे धरताना कोरडे मोजे व गमबूट यांना जाकिटाआधी स्थान द्यावे लागते. कानटोपी आणि हातमोजेही तितकेच महत्त्वाचे.

या भागातील पारंपरिक पर्याय म्हणजे धनगर समाजाच्या मेंढपाळांची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या खरखरीत लोकरीची घोंगडी किंचित ओली झाली तरी बरीच ऊब राखते, ठिणगीने चटकन पेटत नाही आणि तिला बॅटरी लागत नाही. ती जड असते आणि अंगावर घेऊन दोन्ही हातांनी काम करणे किंवा दुचाकी चालवणे अवघड जाते; तेथे जाकीट सरस ठरते. बांधावर बसून राहायचे असल्यास मात्र घोंगडी आजही पुरेशी आहे. बॅटरी संपल्यानंतर जाकिटाचीही भिस्त अखेर घोंगडीच्याच तत्त्वावर, म्हणजे अंगची ऊब अंगाशी राखण्यावर, असते.