टेलरसाहेबाच्या नायिका

नांदेडहून अर्धापूर मागे टाकलं की वारंगा फाटा लागतो. इथून एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ आणि पुढे नागपूरला. नागपूरकडून तुळजापूरला निघालेली माणसंही याच फाट्यावरून खाली उतरतात. खिचडी-भजी खाऊन पुन्हा गाडीत बसणाऱ्याला या जागेला काही इतिहास असेल असं वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. फाट्याचा इतिहास म्हणजे फाट्यावरून गेलेल्यांचा इतिहास. तो शोधायचा तर तासाभरावरच्या हिंगोलीला जावं लागतं.

हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. १८३० च्या सुमाराची गोष्ट. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. कापडचोपड विकायचा, गोरे अधिकारीसुद्धा त्याच्याकडून खरेदी करत. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला: मुंबईहून माल यायचाय, वाटेत कोणी अडवू नये. परवाना मिळाला. माल खरंच येत होता, फक्त तो दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता. हरिसिंगने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारलं, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. पुढे तो ठग म्हणून पकडला गेला. तेव्हा त्याने स्वतःच हे सांगितलं, आणि तेही मोठ्या फुशारकीने.

ही हकीकत लिहून ठेवली फिलिप मेडोज टेलरने. हरिसिंगशी आपलाही व्यवहार झाला होता, असं तो सांगतो. छावणीतून बाहेर पडणाऱ्या वाटेजवळच्या एका कोरड्या ओहोळात माफीचे साक्षीदार एकामागून एक खड्डे दाखवत होते. तिथे टेलर हजर होता, आणि शेवटी सगळ्यांना किळस येऊन खोदणं थांबवावं लागलं. शाळेत इतिहास शिकवताना मी हे मुलांना सांगायची. पोरं खड्ड्यात किती माणसं होती ते विचारत. एकदा एका मुलीने विचारलं, ‘बाई, हरिसिंगच्या बायकोला ठाऊक असेल का हो?’ टेलरने याचं उत्तर दिलेलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि निवृत्तीनंतर मी टेलरची पुस्तकं वाचली ती बायकांसाठी. ठगांचं मला फारसं कौतुक नाही. ठगांबद्दलचं बरंचसं ज्ञान माफीच्या साक्षीदारांच्या तोंडचं आहे, आणि फाशी टळावी म्हणून बोलणारा माणूस कमी बोलत नाही. किम वॅग्नरसारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी ती कागदपत्रं जपून वाचायला शिकवलं आहे.

टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, मुंबईला एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. पेढी बुडायला आलेली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. म्हणजे हा कंपनीचा गोरा साहेब नव्हे, निजामाचा पगारी नोकर. गोऱ्यांच्या जगात हा फरक मोठा होता. १८३९ मध्ये त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनला निघाली आणि तुफान चालली. तिचा नायक अमीर अली माणसं मारतो आणि मधल्या वेळात प्रेमंही करतो. त्यातली झोरा कलावंतीण आहे, ती त्याच्या हातची जाते. लग्न होतं ते दुसरीशीच. टेलरच्या पुस्तकांत प्रेम कोणावर बसावं याला बंधन नाही. लग्न कोणाशी लागावं, याला आहे.

आता त्याचं स्वतःचं लग्न बघा. १८३२ मध्ये त्याने मेरी पामरशी लग्न केलं. मेरीचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे सावकार. त्यांच्या पेढीने निजामाला एवढं कर्ज दिलं होतं की निजामाचं राज्यच गहाण पडायची वेळ आली, आणि रेसिडेंट मेटकाफने हात घातल्यावर १८२०च्या दशकात ती पेढी बुडाली. विल्यमचे वडील जनरल पामर १७९८ पासून काही वर्षं आपल्या पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते, आणि विल्यमची आई होती फैजबक्ष बेगम, मोगली घराण्यातली बाई. थोडक्यात, टेलरची बायको एका मुसलमान बेगमेची नात. जनरलच्या पिढीत असे संसार उघड चालत. हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची जोडी तर प्रसिद्धच आहे. पण १७९०च्या दशकातच कंपनीने मिश्र रक्ताच्या मुलांना आपल्या नोकऱ्यांची दारं बंद केली होती. टेलरच्या तरुणपणापर्यंत लोक याबद्दल दबक्या आवाजात बोलू लागले होते.

आणि टेलरचं आत्मचरित्र? शिकारी, तळी, रस्ते, जमाबंदी, सुरपूरच्या राजाचा लळा, सगळं भरभरून आहे. बायको मात्र थोडक्यात उरकली आहे, आणि तिच्या आजीचं नावही निघत नाही. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, मुलीने छापलं. तेव्हा हात आखडता घेणारं कोण, बाप की मुलगी, हे ठरवायला मी जात नाही.

स्वतःबद्दल जे बोलता आलं नाही, ते त्याने तीन कादंबऱ्यांत बोलून घेतलं असं मला वाटतं. तीन पुस्तकं, शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरची: १६५७, १७५७, १८५७. पहिली ‘तारा’ १८६३ ची. तिची जागा आमच्या फाट्यावरून खाली जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला, तुळजापुरात. टेलर १८५३ नंतर नळदुर्गला अधिकारी होता, त्यामुळे देऊळ, घाट, पुजाऱ्यांची घरं हे सगळं त्याचं पाहिलेलं. तारा ही तिथल्या शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. तिच्यावर जीव जडतो तो फाजलचा, अफजलखानाच्या मुलाचा! मराठी वाचकाच्या भुवया इथे उंचावणारच. माझ्याही उंचावल्या. शिवाय शिवाजी महाराजांच्या बाजूचा एक ब्राह्मण कारभारी टेलरने असा खलनायक केला आहे की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. सालही त्याने आपल्या शंभरीच्या हिशोबात बसवलंय. प्रतापगड १६५९ चा, हे आपल्याकडे चौथीच्या पोराला पाठ असतं. पण कथा म्हणून पाहिलं तर त्याने केलं काय? ताराला सतीच्या चितेवरून फाजलकरवी सोडवलं आणि दोघांना एकत्र आणलं. ब्राह्मण विधवा आणि खानाचा मुलगा, आणि शेवट गोड. १८६३ मध्ये असं लिहायला छाती लागते.

१७५७ च्या पुस्तकावर मी वेळ घालवणार नाही, ते मला कंटाळवाणं वाटलं. तिसरं ‘सीता’, १८७२ चं. इथे काळ टेलरचा स्वतःचा आहे, बंडाचा. सुरुवात अस्सल रहस्यकथेची: दरोडा, खून, आणि खुन्याचा माग. सीता सोनाराच्या घरातली, नवरा त्या दरोड्यात मेलेला. खटला ज्याच्यापुढे चालतो तो इंग्रज मॅजिस्ट्रेट सिरिल ब्रँडन तिच्या प्रेमात पडतो. दोघांचं हिंदू पद्धतीने लग्नही लागतं. मग गोऱ्यांच्या बंगल्यांतून कुजबुज सुरू होते: हे लग्न कायद्याने लग्न आहे का? टेलर प्रश्न बरोबर ओळखतो. त्याच १८७२ साली ब्रिटिश मुलखात धर्माबाहेरच्या लग्नासाठी कायदा झाला, पण त्यात दोघांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांपैकी कोणीच नाही, असं लिहून द्यायचं होतं. आमचा मुलूख निजामाचा, म्हणजे इथे तेवढंही नाही.

आता पुस्तकात उत्तर काय? बंडाच्या धुमाळीत सीता नवऱ्याच्या आडवी येते, भाल्याचा वार अंगावर घेते आणि मरते. काही काळाने ब्रँडन एका गोऱ्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. म्हणजे दोनशे वर्षांमागची तारा जगली, आणि पंधरा वर्षांमागच्या सीतेला मरावं लागलं. काळ जितका लांबचा तितकी लेखकाची हिंमत मोठी. जवळ आलं की शेजारीपाजारी वाचतात, बायकोचे नातलग वाचतात.

आपल्याकडच्या रहस्यकथेने ही भानगडच ठेवली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ती टांगलेली असत, आणि माझे मामा एका प्रवासात एक संपवत. त्यांच्या झुंजारला विजया आहेच. जोडी आधीच जमलेली, आता बदमाश पकडा. मामांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, प्रेमाचं सिनेमात बघतो की!

ऐतिहासिक रहस्यमालांना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. हल्ली भाची पुण्याहून इंग्रजी पुस्तकं पाठवते, त्यातल्या दोन मालांबद्दल बोलते. नेव मार्च यांच्या पहिल्या कादंबरीचा पाया खरा आहे: एप्रिल १८९१ मध्ये मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून गेल्या, त्या प्रकरणाचा. त्यात शोध घेणारा कॅप्टन जिम अग्निहोत्री आहे, बापाचा पत्ता नसलेला, मिश्र रक्ताचा, माजी सैनिक. ज्या श्रीमंत पारशी घराने त्याला काम दिलं, त्या घरच्या डायनावर त्याचं मन बसतं. लेखिका दोघांना एकत्र आणते, पण दुसऱ्या पुस्तकात गोष्ट थेट १८९३ च्या शिकागोत. मुंबईत हा संसार चालवणं तिलाही अवघड गेलं असावं. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईतली वकील. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजींची सावली आहे, १८६६ मध्ये आपल्या नाशिकला जन्मलेल्या. दुसऱ्या पुस्तकात परवीन सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात जाते आणि तिथला इंग्रज अधिकारी कॉलिन सँडरिंगहॅम तिला आवडू लागतो. पण परवीनचं एक लग्न आधी झालेलं, आणि तेव्हाच्या पारशी कायद्यात तिला त्यातून सुटका नाही. लेखिकेने हा अडथळा फार हुशारीने घातलाय. पुस्तकामागून पुस्तक निघतं, दोघं एकमेकांकडे बघतात, आणि कायदा मध्ये उभा. वाचकाला पुढचं पुस्तक घ्यावंच लागतं.

या सगळ्यांत माझी एक तक्रार आहे. दरी म्हणून जी दाखवतात ती रंगाची, धर्माची. पैशाची फार क्वचित. तारा शास्त्र्याच्या घरची, सीतेच्या घरी सोनंनाणं, डायना गडगंज, परवीनच्या वडिलांची स्वतःची वकिली. या मालांत जिमसारखा एखादा खालून वर येतो, तो पुरुष असतो आणि शूर असतो. घोड्याला खरारा करणारा, पाणी भरणारी, परवान्यावर शिक्का मारणारा कारकून, या लोकांनी काय तो खुनाचा धागा आणून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्यांनी कोणावर प्रेम करायचं नाही.

मला कोणी सांगितलं तर मी हिंगोलीची मालिका लिहीन. छावणीला धान्य घेऊन येणाऱ्या तांड्यातली एक लमाण बाई. बैल ओळखणं हे तिचं रोजचं काम. हरिसिंगच्या मालाचे बैल बाजारात उभे असतात, आणि त्यातल्या दोघांच्या शिंगांवरून, डागांवरून तिला कळतं की हे हरिसिंगचे नाहीत, अमक्या गावच्या व्यापाऱ्याचे आहेत. ती हे सांगायला जाते रेनॉल्ड्सच्या कचेरीतल्या कारकुनाकडे, ज्याने तो परवाना स्वतः लिहिलाय. तो ब्राह्मण, घरी आई, पोटापुरता पगार, आणि खरं बोललं तर नोकरी जाणार. ती पुन्हा येते, पुन्हा येते. हरिसिंगची बायकोही त्यात असेल, माझ्या विद्यार्थिनीसाठी. भाचीला हा बेत फोनवर सांगितला, तर तिने पहिलं विचारलं, ‘मावशी, त्या दोघांचं जमतं का शेवटी?’

जमतं. पहिल्याच भागात. ते तांड्याबरोबर निघून जातील, कारकुनाची आई वर्षभर बोलणार नाही, आणि दुसऱ्या भागातला खून ती दोघं मिळून शोधतील.